रॉकेल जास्त लागणाऱ्या सिस्टरबाई

आमच्या सिस्टरबाईंइतकी गुपितं पोटात ठेवणारी बाई मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही, आणि त्यांच्याइतक्या मोठ्या आवाजात बोलणारीही नाही. देवाला या दोन्ही गोष्टी एकाच देहात घालायची हुक्की कशी आली कोण जाणे. बहुधा त्या दिवशी त्याच्याही दवाखान्यात स्टाफ कमी असेल आणि उरलंसुरलं सगळं एकाच बाटलीत भरून बूच लावलं असेल. मोखाडा तालुक्यातल्या ज्या गावात आम्ही दोघं सत्तरच्या सुमारास नोकरीला होतो, त्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली बरीच मंडळी अजून धडधाकट आहेत आणि त्यांतली निम्मी मला ओळखतात. गावाला एक शाळा होती, एक दवाखाना होता, आठवड्याचा बाजार होता आणि दिवसातून दोनदा येणारी, पण एकदाच परत जाणारी एसटी होती. दुसरी एसटी कुठे जायची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांची जागा कायम भरलेली आणि खुर्ची कायम रिकामी असे. मी कारकून होतो, म्हणजे केसपेपरची खिडकी माझ्या ताब्यात होती. बाकी सगळा दवाखाना बाईंच्या ताब्यात होता.

बाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. पन्नाशीच्या, उंच, ऐसपैस, आणि चालायला लागल्या की दवाखान्याच्या फळ्यांवरच्या बाटल्या किणकिणायच्या. त्यांना हळू बोलता येत नसे असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या हळूच बोलत, फक्त ते इतरांना मोठ्यानं ऐकू येई. एकदा त्यांनी आतल्या खोलीत एका बाळंतिणीला "थांब गं जरा" म्हटलं, तर बाहेर सुटलेली एसटी थांबली आणि कंडक्टर खाली उतरून कोण राहिलंय म्हणून विचारायला आला. त्यांच्या हातून जन्मलेलं मूल पहिल्या क्षणाला रडायचं, आणि आमचा शिपाई शपथेवर सांगायचा की ते भुकेनं नव्हे, दचकून रडतं. पाड्यांवरचे लोक उपकार फेडायला कोंबड्या आणून देत. बाईंनी एकही कोंबडी कधी कापली नाही. बदलून गेलेल्या साहेबांची नावं त्या कोंबड्यांना देत आणि सकाळी दाणे टाकताना त्यांना नावानं हाक मारत. "मागचे तालुका अधिकारी अंडी देईनात," असं त्या गंभीरपणे सांगायच्या, तेव्हा नवीन आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नसे. जुन्यांना सुचायचं, पण ते बोलत नसत.

बाईंची खरी लढाई रोगराईपेक्षा नोंदवहीशी होती. आमच्या नोंदवह्यांत बाळं होती, त्यांच्या आया होत्या, देवी टोचलेले आणि न टोचलेले होते, आणि नसबंदीच्या ऑपरेशनला राजी झालेले बाप तर लाल शाईनं लिहिलेले होते, कारण टार्गेटचे दिवस होते. पण माणूस बारा-तेरा वर्षांचा झाला की सरकारच्या नजरेतून जो गडप व्हायचा, तो लग्न होऊन एकदम पहिल्या बाळंतपणालाच उगवायचा. मधल्या वर्षांत त्याला कुठे दुखतं, काय खुपतं, अंगात काय बदलतंय आणि कशाची भीती वाटते, याला रकाना नव्हता. पोरांनाही हे ठाऊक असावं. भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला की ती रस्ता बदलून जायची. आत गेलेला माणूस ऑपरेशन करूनच बाहेर येतो अशी त्यांची खात्री होती, आणि त्या दिवसांत ती अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. एकदा जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "साहेब, मधली पोरं कुठे लिहायची?" साहेब म्हणाले, "मधली म्हणजे? ती शाळेत असतात. शाळा खातं वेगळं आहे." बाई म्हणाल्या, "आमच्याकडची शाळेत नसतात. नाचणीच्या वावरात असतात." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग शेती खात्याला विचारून बघा."

आता माझ्या खिडकीविषयी. नाशिकला ज्या हेडक्लार्कच्या हाताखाली मी तयार झालो, त्यांनी मला एक मंत्र दिला होता: लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे चूक राहत नाही. मी चूक राहू देत नव्हतो. "नाव अमुक, वय चाळीस, तक्रार तीन दिवस जुलाब!" असं मी खणखणीत आवाजात वाचलं की रांगेतले लोक माना डोलवत. बाजारच्या दिवशी मीठमिरची घेऊन झाली की माणसं दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायची, कुणाला काय झालंय ते ऐकायला. एसटीला अवकाश असेल तर पोशेऱ्याकडची मंडळीही थांबायची. आरोग्याविषयी जनतेत आस्था वाढते आहे, असं मी एका अहवालात लिहिलंसुद्धा होतं.

अशाच एका बाजारी सूर्यमाळच्या अंगाच्या पाड्यावरची एक मुलगी खिडकीशी आली. एकटीच होती. दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि मागे बघत राहिली. मी नाव विचारलं, तिनं येशी सांगितलं. वय विचारलं, तर "नाय ठावं" म्हणाली, म्हणून मी अंदाजानं सोळा लिहिलं. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा होता. तो विचारल्यावर तिनं गज आणखी घट्ट धरले. "लगीन झालंय का?" म्हटल्यावर तिनं मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते मला कळलं नाही. त्या डोंगरात आधी संसार मांडतात आणि हाताशी दाणागोटा आला की चार वर्षांनी लग्नाचं जेवण घालतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि छापील फॉर्मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी तक्रार विचारली. ती गजाजवळ तोंड आणून म्हणाली, "बाईला सांगायचा हाय." मी तिला नियम समजावला की तक्रार लिहिल्याशिवाय केसपेपर निघत नाही. आणि मग चूक राहू नये म्हणून सवयीप्रमाणे वाचलं, "नाव येशी, वय सोळा, नवऱ्याचं नाव कोरं, तक्रार सांगत नाही!" ओट्यावर कुणीतरी फिदकन हसलं. एका म्हाताऱ्यानं "कोनाची रं ही पोर?" म्हणून चौकशी सुरू केली. मी मान वर केली तेव्हा खिडकीत समोरचा डोंगर तेवढा दिसत होता.

दुपारी चहाच्या वेळी मी ही गंमत म्हणून बाईंना सांगितली. बाई गूळ-शेंगदाणे खात होत्या. त्यांचा हात तोंडाशी थांबला आणि त्या म्हणाल्या, "परत गेली?" इतकं हळू म्हणाल्या की मला ते पहिल्यांदा कळलंच नाही. मग दुसऱ्यांदा जे म्हणाल्या ते बाजारातल्या सुकटवालीलाही कळलं. संतापल्या की बाई आपल्या मुलखाच्या मालवणी बोलीत जात. "मेल्या, दोन डोंगर उतरान चेडू इलां, आणि तू त्याका घोवाचा नाव इचारतंस? उद्या माझा मुडदा इलो तर त्याकाय इचारशीत!" मी नियमाचं काहीतरी पुटपुटलो. बाई उठल्या, माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि तक्रारीच्या रकान्यावर चिकटपट्टी लावली. "खिडकीत फक्त नाव विचारायचं. तेही खोटं सांगितलं तर खोटं लिहायचं. नियम मी सांभाळते, तू तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. मला राग आला होता. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण कारकुनाला या दोन्हींतला फरक समजायला वेळ लागतो.

चिकटपट्टीनं खिडकी गप्प झाली, पण बाईंचा घसा तिथेच होता. ठाण्याकडे कामाला जाऊन आलेला एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा भीतभीत आत गेला. बाईंनी दार लावलं, पडदा ओढला, त्याला जवळ बसवलं आणि आपल्या मते त्याच्या कानात विचारलं, "खाज कधीपासून आहे?" ओट्यावरून कुणीतरी उत्तर दिलं, "माना दिवाळीपासून हाय, बाय!" पोरगा मागच्या दारानं जो पळाला तो थेट दाभोशाचा धबधबा गाठूनच थांबला असावा. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणाल्या, "देवानं मला नर्स केली की दवंडीवाली?" मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं, पण मला दवंडीवालीच पटत होती.

उपाय सापडला तो अपघातानं. सुया उकळायला आमच्याकडे एक पितळी स्टो होता. रॉकेलात बुडवलेला काकडा लावून, पंप मारून पेटवला की तो असा काही घोंघावायचा की शेजारी बसलेल्या माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नसे. एका सकाळी बाई त्या स्टोपाशी बसून कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या आणि मी दारात उभा राहूनही मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा बाईंचे ओठ हलताना दिसले आणि कानावर काही पडलं नाही. मी घाबरून आत गेलो. मला वाटलं, त्यांना काहीतरी झालं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टोकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं हसू आलं.

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात चहाची प्रथा सुरू झाली. बाजारच्या दिवशी कुणी पोरगा-पोरगी खिडकीशी येऊन "च्या हाय का?" म्हणाली की मी नाव, गाव, वय काही विचारायचं नाही, नुसतं आत बोट दाखवायचं. आत स्टो पेटायचा. त्याच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला ते पोर, आणि मधे खरोखरच चहाचं भांडं, कारण खोटं बोलायला बाईंची ना होती, पण अर्धं खरं बोलायला नव्हती. भांड्याखाली आग, भोवती घोंघावणं, आणि त्या गोंगाटात पोरं असं असं काही सांगायची की बाई बाहेर आल्यावर कधीकधी तासभर कोंबड्यांत जाऊन बसायच्या. पहिल्यांदा पाळी आल्यावर आपण आता मरणार म्हणून बसलेल्या पोरी, भोंदू वैद्याची जाहिरात वाचून आपली ताकद संपली म्हणून रडणारे पोरगे, कुणी ठाण्याच्या वीटभट्टीवरून दुखणं घेऊन आलेलं, कुणाला मुकादमानं हात लावलेला. यातलं मला इतकंच माहीत आहे, आणि तेही बाईंनी निवृत्तीचं वय जवळ आल्यावर, कुणाचं नाव न घेता सांगितलं म्हणून. ओट्यावरचे श्रोते मात्र भयंकर नाराज झाले. काही आजोबांनी चहाची बातमी ऐकली आणि ते खरोखरच चहाला येऊ लागले. बाई त्यांना कप भरून देत आणि म्हणत, "पुढच्या बाजारी नातवाला पाठवा. एकट्याला."

मधे एकदा मोठं संकट आलं. स्टो बिघडला म्हणून जव्हारला एका चाचांकडे दुरुस्तीला पाठवला. चाचांच्या तीन पिढ्या पितळेच्या कामात होत्या आणि त्यांचा हात बघत राहावा असा होता. आठ दिवसांनी ते स्वतः एसटीनं स्टो घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि अभिमानानं पेटवून दाखवला. ज्योत निळी, गोल, देखणी, आवाज शून्य. चाचांनी बर्नरच बदलला होता. "बाई, बिनआवाजाचा केला. पैला लई कान खात होता," ते म्हणाले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "चाचा, आवाज कुठे गेला? मला आवाज पाहिजे!" चाचांनी माझ्याकडे पाहिलं; मी छताकडे पाहिलं. "चाळीस साल से स्टो बना रहा हूँ," चाचा म्हणाले, "सगळे बोलतात आवाज कमी करो. तुम पैली." मग खिडकीतून बाहेर ओट्यावर बसलेल्या दोन पोरींकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या पदर तोंडाशी धरून, एकमेकींत अंग चोरून, बंद दाराकडे बघत होत्या. काही न विचारता चाचांनी पिशवीतून जुना बर्नर काढला आणि बसवला. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्या पण दोन बेट्या आहेत. हा बर्नर आणखी जरा घासून देतो, जास्ती बोलेल." आणि खरंच, तो पुढे पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलू लागला.

इतकं सगळं झालं तरी येशी आली नव्हती. बाई दर बाजारी सूर्यमाळकडचं माणूस दिसलं की विचारायच्या. पावसाळा गेला, भात झोडून झालं, उन्हाळा लागला, आणि एका बाजारी कुणीतरी सांगितलं की ती पोर अंथरुणाला खिळलीय, ताप येतो, पोटात दुखतं, काय होतंय ते कुणाला सांगत नाही आणि मंत्र घालणाऱ्या भगताची दोन कोंबडी घेऊन झाली. बाईंनी पिशवी भरली. मला म्हणाल्या, "स्टो घे." मी म्हटलं, "बाई, माझी खिडकी..." "तीच तर बंद करायची आहे," बाई म्हणाल्या. मग मी पोत्यात गुंडाळलेला स्टो खांद्यावर आणि रॉकेलची बाटली हातात घेऊन, मे महिन्याच्या उन्हात, सूर्यमाळचा चढ चढलो. बाई पुढे चालत होत्या. त्या चढावर त्यांची धाप मला ऐकू येत होती आणि समोरच्या डोंगरालाही येत असावी.

येशीच्या घरात शिरलो तेव्हा आत निदान वीस माणसं होती. आई, चुलते, शेजारणी, पोरं, आणि कोपऱ्यात आणखी एक कोंबडं पायाशी बांधून बसलेला भगत. येशी कुडाच्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताच्या काड्या झाल्या होत्या. मान वळवून, मला ओळखून तिनं डोळे मिटले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांची मला आजही लाज वाटते. बाईंनी मला खूण केली. मी स्टो मांडला, काकडा लावला, पंप मारला. स्टो घोंघावू लागला, आणि इथे आमची दोघांची अक्कल उघडी पडली. दवाखान्याच्या गावात स्टोला कुणी विचारत नव्हतं. या पाड्यानं स्टो जन्मात पाहिला नव्हता. लाकडं नाहीत, धूर नाही, आणि पितळेच्या भांड्यातून निळी आग येतेय! वीस माणसांची चाळीस झाली. पोरं माझ्या खांद्यावर चढली. भगत आपलं कोंबडं विसरून पुढे सरकला. गुप्ततेसाठी आणलेल्या यंत्रानं अख्खा पाडा त्या पोरीच्या अंथरुणाभोवती गोळा केला.

मी बाईंकडे पाहिलं. बाई एका क्षणात सगळं समजल्या होत्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यांदाच मुद्दाम आपल्या आवाजाला मोकळं सोडलं. "हे साहेब आता अंगणात सगळ्यांना स्टोवर चहा करून देणार आहेत! सगळ्यांना! ज्याला पाहिजे त्यानं बाहेर!" कुडाची माती पडली. मी जळता स्टो उचलून बाहेर आणला आणि माझ्यामागे घर रिकामं झालं. भगत सगळ्यात पुढे होता.

आता मला या लोकांना धरून ठेवायचं होतं, किती वेळ ते माहीत नव्हतं. मी काही बोलका माणूस नाही. मला एकच गोष्ट येत होती, आणि त्याच गोष्टीनं ही पोर अंथरुणाला लागली होती. मी उकिडवा बसलो, स्टोच्या पंपावर हात ठेवला आणि खिडकीतल्या खणखणीत आवाजात वाचायला लागलो, "नाव स्टो! वय चार! गाव जव्हार! नवऱ्याचं नाव काकडा! तक्रार, पिन अडकते!" पाडा हसून लोळला. मग मी पंपाची तक्रार वाचली, झाकणाची वाचली, माझ्या साहेबांची वाचली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लाकडाबिगर ह्यो जळं कशावर?" मी म्हटलं, "रॉकेल आणि वारा." तो म्हणाला, "मंग रॉकेल तुमचा ऱ्हाऊं द्या. वारा तं आमचे डोंगराव रगड हाय." उन्हाळ्यात त्या पाड्यावर पाण्याचा एकेक तांब्या जपून वापरतात, तरी एका बाईनं आपल्या हंड्यातलं पाणी चहाला ओतलं. गुळाचा कोरा चहा झाला, संपला, पुन्हा झाला. पंप मारून माझ्या तळहाताला फोड आले. स्टो विझायला आला की मी बर्नरच्या भोकात पिन मारायचो आणि घराच्या दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो. सव्वा तास दार बंद होतं.

मग बाई बाहेर आल्या आणि त्यांच्या मागे, दाराची चौकट धरून, येशी उभी राहिली. कुणीतरी तिला चहा दिला. तो तिनं दोन्ही हातांत धरून प्यायला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढं मला एव्हाना कळत होतं. उतरताना मात्र राहवलं नाही आणि मी विचारलं, "बाई, तिला काय झालं होतं?" बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला कशाला?" समोरच्या डोंगरानंही मला तेच विचारलं. त्यानंतर बाई औषधं घेऊन चार वेळा तो डोंगर चढल्या. दिवाळीच्या आधीच्या बाजारात येशी बांगड्या भरताना दिसली, अंगानं भरलेली, मैत्रिणींशी हसत. तिला काय झालं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत न लिहिलेली एवढी एकच तक्रार मला अभिमानानं आठवते.

पुढच्या वर्षी तपासणी आली. साहेबांनी रॉकेलची वही उघडली आणि चष्मा काढला. "एवढं रॉकेल? सुया उकळता की ऊस?" बाई म्हणाल्या, "सुयांना थोडंच लागतं. पोरांना जास्त लागतं." आणि त्यांनी सगळी चहाची पद्धत सांगितली, अर्थातच अशा आवाजात की रांगेतल्या सर्वांना ती नव्यानं कळली. साहेब वाईट नव्हते. त्यांना योजना आवडत. त्यांनी शेरा लिहिला की कल्पना स्तुत्य आहे, परंतु स्टो हे सल्ला देण्याचं साधन म्हणून मान्य नाही. सबब तरुणांसाठी स्वतंत्र खोली बांधावी, आणि खोली होईपर्यंत तरुणांनी थांबावं. बाईंनी शेऱ्याखाली "वाचलं" असं लिहिलं आणि घरच्या रेशनचं रॉकेल दवाखान्यात आणायला सुरुवात केली. स्वतः त्या चुलीवर रांधू लागल्या.

खोली चार वर्षांनी झाली. त्याच महिन्यात बाईंची त्यांच्या मुलखाकडे बदली झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. खोलीचं दार बरोबर ओट्यासमोर, रांगेच्या तोंडाशी उघडत होतं, आणि दारावर हातभर अक्षरांत पाटी होती: "अविवाहित तरुण-तरुणींच्या गुप्त तक्रारी येथे ऐकल्या जातील." पेंटरनं "गुप्त" हा शब्द सगळ्यात मोठा आणि लाल काढला होता. उद्घाटनाला फोटो निघाला. पहिल्या दोन महिन्यांत त्या खोलीत एक कुत्रं तेवढं गेलं, तेही आधी इकडेतिकडे बघून.

जाताना बाईंनी कोंबड्या शिपायाला दिल्या, म्हणजे पाच माजी अधिकारी त्याच्या खुराड्यात गेले. मला पिनांची पुडी दिली. "स्टो सरकारचा, पिना माझ्या," म्हणाल्या. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मला काहीतरी सांगितलं, पण ड्रायव्हरनं त्याच वेळी इंजिन सुरू केलं. ओठ हलताना दिसले. मी मान डोलावली. इतक्या वर्षांत बाईंनी मला उद्देशून म्हटलेलं आणि मला ऐकू न आलेलं हे एकच वाक्य. त्यांचा पत्ताही मी घेतला नाही. हा आवाज कधी ऐकू येणार नाही इतक्या लांब जाईल, असं मला वाटलंच नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन बाजार गेले असतील. मी खिडकीत मान खाली घालून लिहीत होतो आणि कुणीतरी म्हणालं, "च्या हाय का?" मी वर पाहिलं. येशी होती. कडेवर मूल होतं, आणि मागे एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. "माना नको. हिला पायजे," येशी म्हणाली. त्या मुलीनं ती लाल पाटी पाहिली, तिला वाचता येत असावं, कारण ती एक पाऊल मागे सरली. असंच मागे सरलेलं एक पाऊल एकदा माझ्या नजरेतून निसटलं होतं. मी उठलो आणि नोकरीत पहिल्यांदा, रांग उभी असताना, खिडकी बंद केली. स्टो कपाटामागून काढला, पुसला, बाईंची पिन मारली. नवीन सिस्टर लहान होती, हळू बोलायची, तिला स्टोची गरजही नव्हती. ती म्हणाली, "अहो, आत्ता चहा?" मी म्हटलं, "तुम्ही नुसत्या शेजारी बसा. ती सांगेल." स्टो घोंघावू लागला आणि मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

ओट्यावर येशी मुलाला खेळवत बसली होती. दार उघडेपर्यंत मी दाराशी उभा राहिलो. जाताना ती माझ्यापाशी थांबली, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मोठ्या बाईला सांगा, येशी आली व्हती." मी "सांगतो" म्हटलं.

तो निरोप माझ्याकडून राहून गेला आहे. पुढे चौकशी केली, दोन पत्रं टाकली, ती परत आली. म्हणून हे एवढं पाल्हाळ लावलं. कुठूनतरी बाईंच्या कानावर जाईल, आणि नाहीच गेलं तर त्यांच्या गावाकडचं कुणी तरी मोठ्यानं वाचून दाखवील. बाई, येशी आली होती. बरोबर एक मुलगी होती. तिचं नाव मी विचारलं नाही.